सांडलेलं कोणाचं

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मिलमधल्या अर्ध्या लोकांनी तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आहे. मला मात्र अजूनही धानाचं पोतं फाटल्याचा आवाज आला, की पाठोपाठ तुमच्या चपला वाजल्यासारख्या वाटतात. मी तुमच्या राइस मिलमध्ये झाडायला आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. घरातला कमावता माणूस गेलेला, लेक कडेवर. तुमच्या वडिलांपासूनची रीत होती: भुईवर सांडेल ते झाडणारीचं. संध्याकाळी सूपभर धान पदरात पडायचं, खडेमाती निवडली की दोन दिवसांचा भात व्हायचा. आणि मग एका हंगामात सुपाची टोपली झाली. का झाली ते तुम्हाला माहीत होतं की नाही, देव जाणे. मीच एका हमालाला म्हटलं होतं, "दादा, पोतं ओढताना तो लोखंडी आकडा जरा जोरानं मारत जा ना." तो हसला. "मारतो. पन तुही टोपली भरली, त पायलीभर माह्याबी घरी पाठवजो."

ती दुपार मला आजही दिसते. तुम्ही भरडाईच्या पट्ट्याजवळ उभे आहात, भुईकडे पाहत आहात. खाली वाकून तुम्ही मूठभर धान उचलता आणि मला विचारता, "काऊन वो बाई, हे कोनाचं आहे?" मी ठसक्यात सांगते, "माहं. झाडन आहे ना." तुम्ही मान हलवता. "माहं नाई अन् तुहंबी नाई. ज्याचं पोतं त्याचं आहे. तो दहा कोसावरून बैलगाडी घेऊन येते, घरी जाऊन तांदूळ मोजते, अन् उतारा कमी आला म्हनून आपल्या धानाले दोष देते." मला वाटलं, आज चूल विझली. पण तुम्ही सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणालात, "रीतच वाकडी आहे. जेवढं सांडन तेवढं तुमचं, असं आपुनच म्हटलं, त सांडनारच ना? चूक माही." दुसऱ्या दिवसापासून सांडलेलं धान पाखडून त्याच पोत्यात जायला लागलं, आणि मला रोज ठरलेलं माप, सगळ्यांच्या देखत, भरून मिळायला लागलं. माप माझ्या सुपापेक्षा मोठंच होतं. आठ दिवसांत भुई चाटूनपुसून ठेवल्यासारखी झाली. तो हमाल म्हणाला, "आता माह्या आकड्याले गंज चढन, भाऊ." तुम्ही म्हणालात, "चढू दे. तुह्या हाताले नाई चढला म्हंजे झालं."

पुढे पोत्यांवर नाव-वजनाच्या चिठ्ठ्या लावता लावता मी अक्षर शिकले. तुमचं शहाणपण कुठल्या शाळेतलं नव्हतं, पण कोणाला चोर न म्हणता चोरीची वाट कशी बुजवायची, हे तुमच्याइतकं कोणाला कळलेलं मी पाहिलं नाही. कोठीची चावी एकाकडे, चिठ्ठीबुक दुसऱ्याकडे. काट्यावरच्या माणसाला ऐन हंगामात आठ दिवस सुट्टी, हवी असो की नसो. तो कुरकुरायचा, "मले काऊन घरी पाठोवता, भाऊ? म्यानं काय केलं?" तुम्ही म्हणायचात, "काईच नाई केलं. तू नसला त काटा तेच वजन सांगते का, तेवढं पाहू दे." तुमच्या घरचं धान आलं तरी रांग आणि चिठ्ठी चुकायची नाही. एकदा वहिनींना तुम्ही दारातून परत पाठवलं, "चिठ्ठी आना." त्या रात्री तुम्हाला जेवण मिळालं की उपाशी झोपलात, यावर आम्ही पंधरा दिवस हसलो.

तुमची मुलं नागपूरला स्थिरावली आणि मिल तुम्ही माझ्या हाती दिलीत. तुमचं सगळं मी जसंच्या तसं चालवलं. फक्त एका माणसापाशी मोडलं. लेकीच्या नवऱ्याचं गडचांदूरचं काम सुटलं, तो इथे आला, आणि मी कोठीची चावी त्याला दिली. वर चिठ्ठीबुकही त्याच्याच हाती. आपल्यात जावई दारी आला की पाय धुवायला पाणी पुढे करतात. त्याला चिठ्ठी कोण मागणार? तो एक दिवस सुट्टी घेत नव्हता. मी गावभर सांगत फिरले, सोन्यासारखा माणूस मिळाला. तुमच्याजवळ इतकी वर्षं राहून मला हे कळू नये, भाऊ, की सुट्टी न घेणारा माणूसच आधी घरी पाठवायचा असतो.

यंदा तलावावर मासे धरणारी एक बाई धान घेऊन आली आणि जाताना हळूच म्हणाली, "बाई, राग नोको मानू. तुमच्या इथी उतारा कमी येऊन राह्यला." मग दुसऱ्या गावचा एक जण तेच बोलला. मी जावयाला म्हटलं, लेकीला घेऊन आठ दिवस तुमच्या गावी जाऊन या. "हंगामात कसा जाऊ, आई?" तो म्हणाला. मी त्याला पाठवलंच. तो गेला, मी काट्यावर बसले, आणि उतारा बरोबर यायला लागला. चौथ्या दिवशी मागच्या दारी एक ऑटो येऊन थांबला. ऑटोवाला मला पाहून म्हणाला, "जावईबापू नाईत का? नेहमीची दोन पोती न्याची होती." कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मीच घातलेलं.

 त्याला हाकलावं तर लेकीचा संसार मोडतो. गप्प बसावं तर लोकांचं धान बुडतं, आणि तुम्ही राखलेली मिलची पत त्याबरोबर. तो परत आला तेव्हा मी त्याला काट्याशेजारी बसवलं आणि म्हटलं, "जावईबापू, चूक माही. चावी अन् चिठ्ठी दोन्ही तुमच्याजवळ म्यानं देली."  त्यानं एवढंच विचारलं, "तिले सांगतलं का?" मी म्हटलं, "नाई. तिले तुम्ही सांगा. अन् ज्याचं ज्याचं कमी गेलं, त्याच्या घरी आपल्या घरच्या धानाचा तांदूळ तुम्ही सोता नेऊन द्या. काऊन देऊन राह्यलो, तेबी सांगा." चिठ्ठीबुक आता झाडणाऱ्या बाईकडे आहे, ती दहावी शिकलेली आहे आणि माझ्याकडेही चिठ्ठी मागते. आज तो मोटारसायकलला पोतं बांधून चौथ्या गावाला गेला. लेक दोन दिवस बोलली नाही. आज मात्र तिनं त्याच्यासोबत डबा दिला.

हे सारं चिठ्ठीबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत आहे. पाठवणार कुठे? पण एक तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या दिवशी तो फार खचला होता, म्हणून मी त्याला त्या आकड्याची आणि टोपलीची गोष्ट सांगितली. पुरती सांगितली, तुमचा शब्दही बदलला नाही. त्यानं विचारलं, "मंग भाऊनं त्या बाईले काढलं नाई?" मी म्हटलं, "नाई." तो म्हणाला, "कोन होती ती?"

मी म्हटलं, "होती कोनी. गेली मंग आपल्या गावी."