दोरीपलीकडचा चहा

पप्पा,

तुम्ही मला दिलेला नियम अपुरा होता, हे मी या पत्रात सिद्ध करणार आहे. नियम असा: समोरच्या संघाने चांगला खेळ केला की टाळी वाजवायची. नोकरीची सारी वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले. तेव्हा आधी पुरावा मांडते, मग निष्कर्ष.

पहिला पुरावा खडकीच्या हॉकीच्या मैदानावरचा. रविवारची उपासना आटोपून आपण थेट तिथे आलो आहोत. मी दहा वर्षांची, अंगात अजून चर्चचा फ्रॉक. तुमच्या कारखान्याचा संघ खेळतो आहे. समोरच्या गोलरक्षकाने आपला हमखास गोल अडवला आणि मी बोट रोखून ओरडले, "ए जाड्या, सरक की बाजूला!" आजूबाजूचे हसले. तुम्ही हसला नाहीत. माझे रोखलेले बोट हळूच मिटवून तुम्ही विचारलेत, "सकाळी 'शांती असो' म्हणून लोकांच्या हातात दिलास, तो हाच हात ना?" मी मान हलवली. "मग त्याच हाताने टाळी वाजव. चांगला अडवला त्याने." मी वाजवली, आणि पुढे साठ वर्षे, कोणताही खेळ असो, ती टाळी मी एकदाही चुकवली नाही.

दुसरा पुरावा गेल्या महिन्यातला. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत निवृत्त मंडळी दुपारी क्लबहाऊसच्या मोठ्या पडद्यावर क्रिकेट पाहतात. आपली खुर्ची आपण मांडायची आणि उठताना भिंतीशी लावायची, असा शिरस्ता आहे. त्या दिवशी महाराष्ट्र विरुद्ध विदर्भ असा सामना होता. चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. पत्नी गेल्यावर यवतमाळचे घर बंद करून लेकीकडे आलेले. दाराजवळ ते एकटेच बसले होते, शेजारची खुर्ची रिकामी. विदर्भाच्या फलंदाजाने चौकार मारला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, पाणी खडकवासल्याचं पिता आणि टाळ्या तिकडच्यांना?" मागून कोणी तरी म्हणाले.

"पितो जी. पण पोटात गेल्यावर पाणी काही टीम विचारत नाही," ते हसून म्हणाले.

"अगदी बरोबर. फक्त पडदा सोसायटीचा आहे, एवढं ध्यानात असू द्या."

सगळे बराच वेळ हसले. पुढच्या चौकाराला त्यांचे हात गुडघ्यांवरच राहिले. तेव्हा पहिल्या रांगेतून मी टाळ्या वाजवल्या, तीनच, पण स्पष्ट. कर्तव्य पार पडले, असे मला वाटले. खेळ पाण्यासाठी थांबला तेव्हा ते उठले आणि खुर्ची भिंतीशी लावून निघाले. मी म्हटले, "फटका सुंदर होता."

"हो मॅडम. तुमची टाळी ऐकली," ते म्हणाले. "मार्क तुम्ही बरोबर देता जी. बाजूची खुर्ची रिकामी होती, तेवढं राहिलं."

त्यानंतर तीन सामने झाले. ते खाली आलेले नाहीत. लिफ्टमध्ये भेटतात तेव्हा मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत उभे राहतात.

निष्कर्ष उघड आहे. टाळी वाजवायला प्रीती लागत नाही. न्यायबुद्धी असली की पुरते. आपल्याला शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितले आहे, शेजाऱ्याचे मूल्यमापन करायला नव्हे. म्हणून नियम अपुरा. इथे मी लेखणी ठेवायला हवी होती.

पण पुरावा अर्धा सांगायचा नसतो, हे मीच विद्यार्थ्यांना बजावत असे. म्हणून खडकीची ती दुपार पुन्हा पहिल्यापासून आठवली. मध्यंतर होते. तुम्ही थर्मास उचलता, मैदानाभोवती बांधलेल्या दोरीखालून वाकून पलीकडच्या बाजूला जाता आणि मला हाताला धरून नेता. तिथे समोरच्या संघाची माणसे बसली आहेत. सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याला तुम्ही पहिला कप देता. मला मेल्याहून मेल्यासारखे होते. "पप्पा, आपण हरतोय आणि तुम्ही चहा वाटताय?" "जिंकताना वाटला तर ते मिरवणं होतं," तुम्ही म्हणता, आणि सामना संपेपर्यंत आपण तिथेच बसतो. दर रविवारी तुमचे हेच असे. पुढे मी दोरीपर्यंतच येऊ लागले, मग तेही सोडले. टाळी तेवढी ठेवली, कारण ती आपल्या जागेवरून वाजवता येते.

मी थकले आहे, पप्पा. बरोबर असण्यात फार वर्षे गेली, आणि आता गुडघेही दुखतात. त्या दिवशी मला पहिल्या रांगेतून दारापर्यंत खुर्ची न्यायची होती. आठ-दहा पावले असतील.

हे पत्र कुठे टाकायचे नाही. ज्यांना हे सांगायला हवे ते लिफ्टने अर्ध्या मिनिटावर आहेत, आणि मी सकाळपासून तुम्हाला लिहीत बसले आहे. दुपारी सामना आहे. थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घातला आहे. अजून भरलेला नाही.

माझी चूक एकच, ती सहीनिशी मान्य करते: नियम तुम्ही पूर्ण दिला होता. दोरीपलीकडचा भाग मी गाळला.

तुमची मुलगी