हॉर्नच्या केसचा फोम

३ जानेवारी
नोरीन शनिवारच्या बोटीने टास्मानियाला बहिणीकडे चाललीय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. का, असं विचारलं, तर म्हणाली, "तुझ्याबरोबर राहून कंटाळले रे क्लाइव्ह, एवढंच." ऑस्ट्रेलियातला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि उन्हाळ्यात ती चिडतेच.
उपाय सापडलाय. ती वाजवते त्या पितळी हॉर्नच्या केसमधल्या, म्हणजे पेटीतल्या, अस्तराचा भुगा झालाय. नवा फोम मी स्वतः कापून बसवणार. असं काम बघून कुठली बायको घर सोडेल?

४ जानेवारी
पावाच्या सुरीने सुरुवात. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. सुरीच भिकार.
नोरीन म्हणाली, राहू दे, मी तयार केस विकत घेते. मी म्हणालो, घरात कारागीर असताना? उठून बॅग भरायला गेली. पटलं असावं.

५ जानेवारी
ख्रिसमसचं हॅम कापायची विजेची सुरी काढली. झकास चालते. फक्त फोमला हॅमचा वास लागला. नोरीन म्हणाली, "मला हॉर्न वाजवायचाय, खायचा नाहीये." विनोद करतेय. चांगलं लक्षण.

६ जानेवारी
गावातले आम्ही रिटायर्ड लोक ज्या शेडमध्ये खुडबूड करतो, तिथे तापत्या तारेने कापून पाहिलं. आमच्यातला लिंडसे आधीच ओरडत होता, "लेका, हा फोम जळतो! लांब पात्याचा चाकू घे, हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरव." त्याला कोणी विचारलं होतं?
धूर झाला. सगळे बाहेर. थोडी मोकळी हवा त्यांनाही हवीच होती.

७ जानेवारी
चाकूच उत्तम. मला आधीपासून वाटतच होतं. हॉर्न कागदावर ठेवून आकार काढला. पेनाची शाई फोमला लागू नये म्हणून कागद पालथा घालून कापलं. असलं लिंडसेला सुचणार नाही. लगेच तळाला चिकटवूनही टाकलं. उद्या नोरीन बॅग परत कपाटात ठेवणार.

८ जानेवारी
हॉर्न बसत नाही. खाच बरोब्बर उलटी. आरशात दिसावी तशी.
नोरीन आधी हसली. मग रडली. म्हणाली, "चिकटवायच्या आधी नुसता पालथा केला असतास तरी बसला असता. एकदा हॉर्न ठेवून बघायचं होतंस. मला विचारायचं होतंस. कधीतरी, एकदा."
सोडवायला गेलो, तर फोम फाटला. डिंक मात्र नंबर एक.

९ जानेवारी
गेली. हॉर्न तिच्या हिवाळी कोटात गुंडाळून. म्हणजे थंडीच्या आत परत येण्याचा विचार आहे.

२१ जानेवारी
नोरीनचा फोन. म्हटलं, नवा फोम आणलाय, आता चूक होणार नाही, हॉर्नचं माप तेवढं कळव. म्हणाली, नको. तिथल्या बँडने तिला घेतलंय. सराव दर गुरुवारी. हॉर्नला केसही त्यांनीच दिली.
गुरुवारचाच तर सराव. तेवढ्यासाठी कोणी कायमचं राहत नाही.
मी विचारलं, मग शुक्रवारी निघतेस का? ती म्हणाली, जेवत जा वेळेवर.