सदुसष्टच्या गाडीतलं लाल कार्पेट

१४ सप्टेंबर, मंगळवार

फेरी बंद! बर्निताने आज तोंडावर सांगितलं. टिली राहते त्या वृद्धांच्या होमची मुख्य नर्स ती. बाई वाईट नाही, पण बोलते औषधाचे थेंब मोजल्यासारखी. "क्लेमकाका, तीन रविवार झाले. तुमच्या पिकअपमधून फिरून आल्या की टिलीकाकू दोन-दोन दिवस खोकतात. त्या कार्पेटला बुरशी आलीय. उंदरांचं तर मी बोलतच नाही. ते बदला आणि मग खुशाल न्या."

म्हटलं, मोटारीतून नेतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मागे नेऊन पाहिलंच होतं की! टिली मोटारीच्या दाराशी अर्धा तास उभी राहिली, पण आत बसली नाही. तिला पिकअपच लागतो. सदुसष्ट सालचा, माझ्याइतकाच कुरकुरणारा.

खरं ते लिहितो, इथे कोण वाचतंय! होममध्ये मी तिचा कुणी नाही. "ते गृहस्थ आलेत," म्हणते. एकोणपन्नास वर्षं झाली लग्नाला, आणि मी 'ते गृहस्थ'! पण रविवारी दुपारी दोनला पिकअपचं दार उघडलं की "क्लेमची गाडी!" म्हणते आणि टुणकन चढून बसते. मग तासभर मी क्लेम. "क्लेम, हळू. क्लेम, वेर्थांनी गहू पेरला बघ. क्लेम, तू केस कधी कापणार?" गव्हाच्या कोठारापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. होमच्या पायरीवर उतरली की पुन्हा "आभारी आहे हं," आणि मी पुन्हा गृहस्थ.

आठवड्यातला तेवढा एक तास. तो गेला तर मी कुणाचा नवरा?

१५ सप्टेंबर, बुधवार

जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानाला फोन केला. पोरगी विचारते, मधला उंचवटा उंच की बुटका? गिअर तीन की चार? डिपरचं बटण पायाखाली आहे का? गोळीबार नुसता! म्हटलं, बाई, मला एक कार्पेट हवंय. ती म्हणाली, आजोबा, एकाला दुसरं बसत नाही. साच्यात दाबून काढलेलं असतं, गाडीच्या तळासारखं. जाऊन मोजून आलो. उंच. चार. आहे.

नमुने पाठवते म्हणाली. मी तपकिरी घेणार. माती दिसत नाही.

संध्याकाळी शेवया केल्या. दोघांच्या झाल्या. माझा हात काही सुधारत नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

नमुन्यांचं पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन होममध्ये गेलो. पंधरा चौकोन, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे. टिली खिडकीशी. "हे गृहस्थ काहीतरी विकायला आलेत," असं शेजारच्या बाईला म्हणाली. मीही म्हटलं, चला, विकूया! एकेक चौकोन तिच्या हातात दिला. बोटं मात्र तीच! शिवणकामातलीच. प्रत्येकाचे धागे उलटसुलट करून बघितले. "हा झिजेल. हा धूळ धरेल. हा बरा, पण रंग म्हणजे मेलेल्या गाईचा." हा माझा तपकिरी.

शेवटी लाल उचलला. डोळ्यांत खुपेल असा लाल.

"लाल कशाला?" मी.

"बाकी सगळे मातीचे रंग. माती काय कमी आहे का आपल्याकडे?"

आपल्याकडे म्हणाली! मला की सगळ्या जगाला, देव जाणे. चौकोन पर्समध्ये टाकला, परत दिला नाही. येताना एकटाच कोठारापर्यंत जाऊन आलो. सवय म्हणून.

२० सप्टेंबर

लाल मागवला. बहात्तरीचा म्हातारा आणि लाल कार्पेट! गाव हसेल. हसू दे.

२५ सप्टेंबर, शनिवार

आल्बिनसला हाक मारली. सलग सीट एकट्याने निघत नाही. तो पलीकडच्या शेतातला, बिनलग्नाचा, तोंडाला कुलूप नाही. बोल्ट गंजून एक झालेले. तेल ओतलं, शिव्या दिल्या, पुन्हा तेल. तो म्हणतो, "क्लेम, तुझ्या शिव्या अजून जर्मनमध्येच आहेत रे! आजोबांनी रशियातल्या जर्मन वस्तीतून आणल्या त्या?" म्हटलं, बाकी सगळं विसरलो, तेवढ्याच राहिल्या. सीट निघाली. खाली उंदरांची तीन घरटी, टिलीची एक केसांची पिन, एकोणऐंशी सालचा गहू.

कार्पेट म्हणजे काय, तर आमच्या बैठकीच्या खोलीचा उरलेला हिरवा तुकडा. गारपिटीने पीक गेलं त्या वर्षीचा. टिलीने स्वतः कापून बसवला होता, कापडाच्या कात्रीने. कात्रीची धार गेली ती गेली, आणि वर्षभर मला ऐकवलं. मी ओढला तर तुकडे हातात आले. बर्निताचं खरं होतं. खाली नुसती काळी बुरशी.

दुपारी आल्बिनस गेला आणि वारा पडला. इकडे वारा पडला की माणसाने हातातलं काम टाकून जाळायचं ते जाळून घ्यावं. महिन्यातून असा एक दिवस मिळतो. मागच्या पिंपात सगळं कोंबलं आणि काडी लावली. बत्तीस वर्षांचं डिझेल त्यात मुरलेलं, असा काळा धूर निघाला की रस्त्यावरून जाणाऱ्याने गाडी थांबवून विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, साफसफाई!

बरं वाटलं. काहीतरी केलं.

२६ सप्टेंबर, रविवार

गाडीला सीट नाही. फेरी नाही. तिने विचारलंही नाही.

३० सप्टेंबर, गुरुवार

आलं! खोक्यात बखोट धरून कोंबलेलं, सगळ्या घड्या. अंगणात उन्हात पसरून ठेवलं. घड्या जायला दिवस लागतो म्हणे. हिरव्या-पिवळ्या गवतावर लालभडक. आल्बिनसने ट्रॅक्टर थांबवला. "कुणाला कापलंस?"

१ ऑक्टोबर

तळ घासला, गंज काढला, काळा रंग दिला. तागाचं अस्तर कापून चिकटवलं. मग आल्बिनस आला बिएरॉक घेऊन, सारण भरलेले पाव, त्याच्या बहिणीने केलेले. कोबी जास्त, खिमा कमी, बोललो नाही. चघळता चघळता म्हणतो, "आता जुनं कार्पेट आण. ते नव्यावर ठेवायचं आणि भोकांच्या खुणा करायच्या."

"जाळलं."

"काय जाळलंस?"

"जुनं."

तोंडातला घास तसाच राहिला त्याचा. "अरे गाढवा! नवं बसेपर्यंत जुनं टाकायचं नसतं! लहान पोरालासुद्धा कळतं!"

"वारा पडला होता."

"वारा पडला होता!" कपाळावर हात मारला. पण वारा पडलेला त्यानेही बघितला होता, आणि त्याचं पिंपही त्याच दिवशी धुमसत होतं.

२ ऑक्टोबर, शनिवार

बसलं! मधला उंचवटा आधी, मग बाजू. गुडघ्यावर बसून, ढुंगण बाहेर, डोकं डॅशबोर्डखाली. बोल्टची भोकं ब्लेडने नाही पाडायची, धागा उसवत जातो. सळई तापवायची, खालून बोटाने चाचपायचं आणि वरून जाळायचं. गिअरच्या दांड्याचं भोक अंदाजाने कापलं. एक इंच डावीकडे गेलं! शिव्या (जर्मन). वर रबरी टोपण येतं, झाकलं गेलं. डिपरचं बटण सापडेना म्हणून डाव्या पायाने सगळीकडे दाबत बसलो. आल्बिनस म्हणाला, "नाचतोस छान. टिलीला दाखव." दोघं हसलो. नंतर मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

सीट आत. दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या चकचकीत केल्या. नव्याचा वास. उद्या दोन वाजता!

३ ऑक्टोबर, रविवार

लिहू की नको.

दाढी केली, दोनदा. बर्निता स्वतः बाहेर आली, आत डोकावून म्हणाली, "क्लेमकाका, झकास!" टिली निळा स्वेटर घालून आली. मी दार उघडलं. तिने नाक जरासं वर केलं, थांबली. पुन्हा केलं.

मग खाली बघितलं. लाल. हसली, पण पाहुण्यासारखी. "किती स्वच्छ ठेवलीत हो गाडी."

"बस ना, टिली."

"नको. आमचे क्लेम येतीलच न्यायला. त्यांच्या गाडीत नुसता चिखल असतो."

मी म्हटलं, टिली, ही क्लेमचीच गाडी. मीच क्लेम. माझं ऐकून ती इतकी घाबरली की बर्निताचा दंड घट्ट धरला. बर्निता तिला आत घेऊन गेली.

इतकी वर्षं ती दार उघडलं की नाक वर करायची. मी समजायचो, धुळीने सर्दी होते हिला! डिझेल, ओला कुत्रा, गहू आणि तो हिरवा तुकडा. त्यावरून ती मला ओळखत होती. मी, माझं तोंड, माझा आवाज, या कशावरूनच नाही. आणि मी ते पिंपात घालून काडी लावली. स्वतःच्या हाताने! बरं वाटलं म्हणून वर लिहूनही ठेवलंय.

६ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस वेड्यासारखं केलं. चिखलाचे बूट घालून कार्पेटवर चाललो. गव्हाचं भूस टाकलं. चिंधीवर डिझेल घेऊन सीटखाली ठेवलं. आल्बिनसचा कुत्रा तळ्यात भिजवून आणला आणि तासभर आत बसवला. आल्बिनस खिडकीतून बघत होता. एक अक्षर बोलला नाही, आणि त्याला गप्प बघितलं की मला भीती वाटते.

संध्याकाळी दार उघडून मीच वास घेतला. नवं कार्पेट आणि ओला कुत्रा. आमची गाडी नाही.

सगळं पुसून काढलं. बर्निताला कळलं तर उद्यापासून मलाच आत घेणार नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

आज शहाणपणाने वागलो. मी क्लेम असं म्हणायचंच नाही! टोपी काढली आणि म्हटलं, "हवा छान आहे. गव्हाच्या कोठारापर्यंत एक फेरी मारायची का? तासात परत सोडतो."

विचार करत होती! खरंच. गाडीच्या लाल तळावरून हात फिरवला, उलटसुलट. "रंग कुणी निवडला? बाईचा हात दिसतोय."

"एका बाईनेच," मी म्हटलं.

एकदम हात काढला. माझ्या बोटाकडे बघितलं. "अंगठी आहे की तुमच्या हातात! बायको असलेल्या माणसाच्या गाडीत मी एकटी बसत नाही. आमच्या गावात चर्चच्या पायरीवर सोमवारपर्यंत सगळ्यांना कळतं." आणि मग, अगदी सौम्यपणे, "घरी जा तुम्ही. ती वाट बघत असेल."

आलो घरी.

शेती होती तोवर अंगठी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असायची. यंत्रात अडकली की बोट जातं. शेत खंडाने दिलं त्या दिवशी टिलीने ती खिळ्यावरून काढली, माझ्या बोटात घातली आणि म्हणाली, आता काढायला काही कारण नाही.

१४ ऑक्टोबर

आल्बिनस रविवारच्या जेवणाला बोलावतोय. नाही म्हटलं.

१७ ऑक्टोबर, रविवार

भांड्यांच्या साबणाने निघाली. बोटावर पांढरा वळ राहिला, त्यावर जरा ग्रीस चोळलं.

दोन वाजता दार धरून उभा राहिलो. तिने आधी हात बघितला. "लग्न झालंय तुमचं?"

"नाही," म्हटलं.

बसली.