लोकरीची पेटी आणि दोन फिती

४ जानेवारी १८८९, कल्याण

कंपनीच्या साहेबाने आज आत बोलावले. टेबलावर विलायतेहून आलेली पेटी. आत रंगीत लोकरीच्या लडीच लडी. मला वाटले, मडमेचे विणकाम. पण नाही, ही टेस्ट आहे म्हणे! काही माणसांना तांबडे आणि हिरवे वेगळे दिसतच नाही. असला मनुष्य झेंडी घेऊन रुळाशी उभा राहिला तर गाडीची काय गत! तेव्हा स्टेशनातल्या सगळ्या झेंडीवाल्यांची परीक्षा घ्यायची. डॉक्टरला फुरसत नाही, म्हणून काम स्टाफातल्या सर्वांत हुशार मनुष्याकडे. (हुशार हा शब्द साहेब बोलला नाही, पण तोंडावर दिसत होता.)

रीत सोपी. नमुन्याची हिरवी लडी पुढे ठेवायची आणि ढिगातून तिच्या जातीच्या लडी निवडायला लावायच्या. निकाल तोंडाने सांगायचा नाही, भांडणे होतात. पास त्याच्या दंडाला हिरवी फीत, नापास त्याच्या दंडाला तांबडी. तांबडीवाल्याची झेंडी जाणार आणि त्याने मालगोदामात हमाली करायची.

ठाण्याचा हेडक्लार्क पेन्शनीत चालला आहे. साहेब म्हणाला, हे काम नीट केलेस तर त्या जागेवर तुझे नाव सुचवीन.

निश्चय: दयामाया नाही. आणि उद्यापासून पहाटे उठून गार पाण्याने डोळे धुणे.

५ जानेवारी

उशिरा उठलो. पाणी फारच गार होते. डोळे मुळात चांगले असल्याने धुण्याची तशी निकड नाही.

६ जानेवारी, संध्याकाळ

सराव हवा म्हणून पेटी घरी आणली. सुमतीला हिरव्या लडी निवडायला सांगितले. तिने निम्म्या ढिगातच टाकून दिल्या. मी त्या उचलून नमुन्याशेजारी मांडल्या. आईने बघितले, सुमतीने बघितले, दोघी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. बायकांना रंगांचे शिक्षण नाही, त्याला त्या तरी काय करणार? सुमतीला सातवा महिना आहे, म्हणून फार बोललो नाही.

लडींना नंबराच्या चिठ्ठ्या होत्या. त्या काढून टाकल्या. उमेदवारांनी नंबर पाहून उत्तरे दिली तर? सुमती म्हणाली, "अहो, त्यांना वाचता कुठे येतं?" येत नसेल, पण सावधगिरी ती सावधगिरी.

९ जानेवारी

परीक्षा घेतली. हाहाकार!

पहिला रघु, कोपरीचा, मिठागरवाल्याचा मुलगा. त्याने चांगल्या हिरव्यागार लडी सरळ बाजूला सारल्या. का म्हणून विचारले तर म्हणतो, "पंत, ह्यो तं मातीचा रंग." उर्मटपणा! नापास. बाळकुमच्या भिवाची तीच चूक. गणूची तीच. जो येतो तो तेच करतो. सगळ्यांनी आपसांत ठरवून ठेवलेले दिसते. या अशा लोकांच्या भरवशावर आजवर आपण गाडीत बसलो, या विचाराने घाम फुटला.

फक्त एक मनुष्य निघाला. धाकू. त्याने मला हव्या होत्या त्या सर्व लडी न चुकता काढल्या. मी त्याची पाठ थोपटली.

मग फिती बांधल्या. दोन्ही गुंडाळ्या जवळजवळ सारख्याच, पण एक जरा काळपट. हिरवा रंग काळपट असतो हे शेंबडे पोरही सांगेल. ती धाकूला, दुसरी बाकी सगळ्यांना.

नापास लोक दंड दाखवत हसत गेले. लाज म्हणून नाही. धाकू मात्र जांभळीखाली बसून ढसाढसा रडत होता. आनंद माणसाला असा अनावर होतो.

११ जानेवारी

रघु वालाच्या शेंगांची टोपली घेऊन दारात. म्हणाला, "तुमचे उपकार झाले, पंत." मी त्याची झेंडी घालवली आणि हा उपकार मानतो! अडाणी माणसाचे मन किती मोठे असते. शेंगा ठेवून घेतल्या.

१४ जानेवारी

विजय! डॉक्टर आज मुद्दाम आला आणि त्याने सगळ्यांना पुन्हा तपासले. एकही फीत चुकीच्या दंडावर नाही, असे त्याने साहेबाला सांगितले. साहेबाने हस्तांदोलन केले आणि उद्यापासून फितींप्रमाणे कामे वाटण्याचा हुकूम दिला. ठाण्याची जागा माझीच समजा.

त्र्यंबक, म्हणजे माझ्या हाताखालचा कारकून, कोपऱ्यातून बघत होता. बघू दे. मी गेल्यावर त्याला माझी खुर्ची मिळेल. तिचा एक पाय डुगडुगतो, पण त्याला चालेल.

चार दिवसांची रजा घेतली.

१५ जानेवारी

ठाण्यास गेलो. तळ्याजवळ एक बिऱ्हाड पाहून ठेवले. सुमतीचे माहेर दोन गल्ल्या पलीकडे. हे ऐकून ती इतकी हरखली की तिने आज मला दोनदा दूध दिले.

परवा तिचे डोहाळजेवण. हिरवे लुगडे मी स्वतः आणले. दुकानदार चार लुगडी टाकू लागला. मी म्हटले, रंग आम्हांला शिकवू नका. काठ नाही, बुट्टी नाही, असे एक साधे, भारदस्त लुगडे खालच्या फळीवरून मीच ओढून काढले. दुकानदाराने बाकीची लुगडी आवरली. कोणासाठी, म्हणून विचारले. आमच्या घरातच, म्हणालो. "वाईट झालं हो," म्हणाला, आणि घासाघीस न करता भाव उतरवला. ठाण्याचे लोक विचित्र पण दयाळू आहेत.

१७ जानेवारी

काय लिहू! पाटाभोवती रांगोळी, फुलांची वाडी भरलेली, आळीतल्या साऱ्या बायका जमलेल्या. मी ऐटीत लुगडे पुढे केले. आईने घडी उलगडली आणि किंचाळली, "मेल्या, हे तांबडं आलवण आहे रे! तू जिवंत असताना पोरीला विधवेचं लुगडं आणलंस?" सासूबाई मटकन खाली बसल्या. कोणी कानांवर हात ठेवले, कोणी देवापुढे दिवा लावायला धावले. मी ओरडून सांगत होतो, हे हिरवे आहे! कोणी ऐकेना. शेवटी सुमती शेजारच्या उत्तरावहिनींचे लुगडे नेसून पाटावर बसली.

दुकानदाराने घडी बदलली, दुसरे काय! हेडक्लार्क झालो की त्याला पाहून घेईन.

१९ जानेवारी

कामावर हजर. बघतो तो काय? रघु, मी नापास केलेला रघु, झेंडी घेऊन रुळाशी उभा! भिवा उभा! गणू उभा! आणि धाकू गोदामात पोती वाहतो आहे!

धाकूची बायको तुळसा फाटकात वाटच बघत होती. "माज्या नवऱ्याचा झेंडा कनाला काढलास रे बामना? तुजी पाठ थोपटनी त्याचे घराला लागली!" बरेच बोलली. सगळे लिहिण्याजोगे नाही.

माझा निकाल कोणीतरी उलटा केला आहे. त्र्यंबकच असणार! प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. सोमवारी साहेबापुढे सगळे उघड करणार.

२० जानेवारी

सुमतीला सांगितले. ती एकदम म्हणाली, "जाऊ नका. साहेब खूश आहे ना? मग गप्प राहा. माझ्यासाठी." बायकांना तत्त्व कळत नाही. तिने उपरणे धरून ठेवले. सोडवून घेतले.

२१ जानेवारी

गेलो. डॉक्टरही तिथेच होता, म्हटले बरेच झाले. छाती काढून सांगितले: ज्यांच्या हाती झेंडी आहे त्या सर्वांना मी नापास केले होते. पास फक्त धाकू.

मग डॉक्टरने पेटी उघडली आणि हिरव्या लडी काढायला मला सांगितले. मला! मी भराभर काढल्या. डॉक्टर खुर्चीत मागे टेकला. साहेबाने दोन्ही फिती पुढे धरल्या आणि हिरवी कोणती विचारले. मी काळपट दाखवली.

साहेब इतका हसला की पट्टेवाला आत डोकावला. म्हणाला, "हरिहर, तू निकाल उलटा लावलास आणि फितीही उलट्या बांधल्यास. म्हणून सगळे बरोबर आले. तोंड उघडले नसतेस तर पुढल्या आठवड्यात ठाण्यास हेडक्लार्क झाला असतास."

मग हसणे थांबले. ठाण्याला त्र्यंबक. रंगीत तिकिटांना आणि मालाच्या चिठ्ठ्यांना मी यापुढे हात लावायचा नाही. मालगोदामात बसून पोती मोजायची.

२२ जानेवारी

सुमती रडली. ठाण्याचे बिऱ्हाड गेले म्हणून. मला फार वाईट वाटले. खरेच वाटले.

मग मी म्हटले, तुला तरी पटते ना, की माझे डोळे चांगले आहेत? तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या श्रावणात तुम्ही हौसेनं हिरव्या बांगड्या आणल्यात, त्या लालभडक होत्या. तेव्हाच कळलं."

मग बोलली का नाहीस?

"हौसेनं आणलेल्या होत्या. मी हिरव्याच म्हणून भरल्या, आईंनाही तसंच म्हणायला सांगितलं. आलवण मात्र नेसता येईना हो."

जेवलो नाही. (नंतर थोडा दहीभात घेतला.)

२८ जानेवारी, मालगोदाम

निश्चय: विलायतेस अर्ज करणे, की खाडीच्या दमट हवेने लोकरीचा रंग उतरतो. धाकूला विचारले, त्यालाही तसेच वाटते. पहिले दोन दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता. आता पोत्यांवर शेजारी बसतो. तुळसा अजून बोलत नाही.

दारातून रूळ दिसतात. रघु झेंडी दाखवतो. मी धाकूला विचारतो, कोणती रे? तो सांगतो. मला अगदी पटते. आमचा आजवर एकदाही मतभेद झालेला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत ज्यांना नीट दिसते अशी माणसे दोनच, आणि दोघेही गोदामात.