पिंप फुटेपर्यंत

प्रिय आस्गर,

डाव्या हाताने लिहिते आहे, त्यामुळे अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. समजून घे. उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे आणि रात्रंदिवस ठणकतो.

नवं काही लिहायचं असलं की तुला समुद्र लागतो आणि बायको लागत नाही, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. त्यामुळे तू उन्हाळी घरात जाऊन बसलास याचं मला नवल नाही. इथे तुझी आई दर रविवारी राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेली हेरिंग मासळी घेऊन येते, मला वाढते आणि माझ्या हाताकडे न बघता तुझ्याबद्दल बोलते. "आमच्या आस्गरचं नाव आता जर्मनीतही झालं हो." झालं खरं. इतकी वर्षं तू इतकं हळुवार संगीत लिहिलंस की सभागृहात कुणी खोकलं तरी अर्धी रचना वाहून जायची. ऐकायला आपलेच नातेवाईक असायचे, त्यातले निम्मे पेंगायचे. मला मात्र ते संगीत फार आवडायचं. आज सांगून टाकते, त्याच्याच प्रेमात पडून मी तुझ्याशी लग्न केलं.

मग गेल्या वर्षी फास्टेलाउनचा, उपासांच्या आधीचा पोरांचा सण आला. समोरच्या अंगणात रंगीबेरंगी कपडे घातलेली पोरं टांगलेलं लाकडी पिंप सोट्याने झोडपत होती आणि तू खिडकीतून बघत उभा होतास. पूर्वी त्या पिंपात जिवंत मांजर कोंडायचे. आता आत गोळ्या आणि संत्री असतात. तू म्हणालास, "गोळ्या भरायला लागलो आणि आपण भित्रे झालो, तोव्हे." मी हसले आणि तुझ्या हातात क्रीमचा पाव दिला. तू तो तसाच टाकून टेबलाशी जाऊन बसलास.

त्यातून ही रचना झाली. ओबो, ती सनईसारखी किनऱ्या आवाजाची, म्हणजे पिंपातलं मांजर. वाद्यवृंदात तालवाद्यं वाजवणारी मी, म्हणून मी सोटा घेऊन खऱ्याखुऱ्या पिंपावर तुटून पडायचं, आणि ते फुटेपर्यंत वाद्यवृंदाने शेवटचं पान पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं. थांबायचं नाही, असं तू पानावर लाल शाईने लिहिलं होतंस. पिंपं बनवणारा वेर्नर फळ्या आतून करवतीने अर्ध्या कापून ठेवतो, कारण पोरांच्या हातून ती फुटायला हवी असतात. तालमीतली सगळी पिंपं मी बिस्किटासारखी फोडली. ओबोवाला प्रेबेन मला चिडवायचा, "तोव्हेबाई, जरा दमानं घ्या, माझं मांजर म्याव म्हणायच्या आत मरतंय."

पण यंदाच्या फास्टेलाउनच्या रविवारी दुपारी, पहिल्याच प्रयोगात, पिंप फुटलं नाही. सोटा हाणला की त्याचा दणका उलटून माझ्याच खांद्यात घुसायचा. आधी लोक हसले. मग पुढच्या रांगेतली, समुद्री चाचे आणि राजकन्या झालेली पोरं ओरडायला लागली, "हाण! हाण!" आणि त्यांचे आईबापही ओरडायला लागले. पान संपायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. प्रेबेनचे ओठ फुटले, त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि त्याचं मांजर किंचाळत होतं. वाद्यवृंद चालवणारी बोडिल हातातली छडी हलवत माझ्याकडे बघून रडत होती. माझ्या तळहाताची सालटी निघाली. मनगटात काहीतरी कडकन मोडलं, ते मी ऐकलं, आणि तरी मी मारत राहिले. खरं सांगू? मला ते मांजर मारायचं होतं. आत काही नाही हे माहीत असूनही त्याचा जीव घ्यायचा होता. इतका राग माझ्यात होता हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याची मला अजून भीती वाटते.

मी गुडघ्यांवर कोसळले तेव्हा बोडिलने छडी फेकून दिली. शेवट असाच आहे असं समजून लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. तू धावत मंचावर आलास. मला वाटलं, माझ्यासाठी आलास. तू माझा उजवा हात धरलास, तोच मोडलेला हात, आणि लोकांसमोर उंच उचललास. मी किंचाळले. टाळ्या आणखी वाढल्या.

तो अपघात होता असं समजून मी तुला काही बोलले नव्हते. पण परवा वेर्नर आला, टोपी हातात घेऊन दारातच घुटमळला. "पोरी, मला वाटलं तुला माहीत असणार. तुझ्या नवऱ्यानंच सांगितलं होतं, या खेपेला ओकच्या टणक लाकडाच्या फळ्या लाव आणि आतून करवत लावू नकोस." मी त्याला कॉफी दिली. आस्गर, तू मला विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हणाले असते. म्हणूनच तू विचारलं नाहीस का?

डॉक्टर म्हणतात, हे मनगट आता चमचा धरेल, सोटा धरणार नाही. पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. हाम्बुर्गच्या प्रयोगासाठी तू माझ्या विद्यार्थिनीला, सिग्नेला, घेतलंस असं कळलं. ती चोवीस वर्षांची आहे. काल तिला बोलावून मी सगळं सांगितलं, फळ्यांचंही. ती मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "तरी मी वाजवणार. तुम्हाला जमलं नाही ते मी करून दाखवते." तिला अडवणं आता माझ्या हातात नाही, तुझ्या आहे. वेर्नरला फोन कर आणि हाम्बुर्गच्या पिंपाच्या फळ्या आतून कापायला सांग. माझ्यासाठी आजवर काही मागितलं नाही, तिच्यासाठी मागते आहे. तू फोन केला नाहीस तर हाम्बुर्गला मी पहिल्या रांगेत बसलेली असेन आणि मांडीवरच्या पिशवीत कुऱ्हाड असेल. दुसऱ्यांदा ते पान वाजायला लागलं की मी मंचावर चढेन. डाव्या हाताने नेम नीट लागत नाही, तेव्हा तू पिंपापासून लांब उभा राहा.

अजून तरी तुझीच,
तोव्हे