गॅसचं बटण

आई, भर समुद्रातून तुझ्या लेकीचा वाकून नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. लाटा जरा मोठ्या आहेत, म्हणून खिडकीला पडदा लावलाय. तुझा गुडघा कसा आहे? धाकट्याची फी भरली ना? तेलाच्या विहिरीवरची ही नोकरी त्यासाठीच तर धरली.

काल बंद केलेला व्हॉल्व मी पुन्हा बघायला गेले, तर गॅस गळत होता. मी सगळं ड्रिलिंग थांबवलं. इथे तो हक्क स्वयंपाक्यालाही आहे. दोन तास काम बंद, लाखोंचा फटका, तरी साहेबांनी माझी पाठच थोपटली.

झोपताना तू गॅसचं बटण तीनदा बघतेस म्हणून बाबा हसतात ना? त्यांना सांग, त्या खोडीमुळे आज आम्ही ऐंशी जण जेवायला बसलो.

तुझ्यावरच गेलेली,
तुझी लेक