कानांचे माप

सोमवार, ४ मार्च

धाकटा आज एका माणसाला घेऊन आला, आणि दोघेही बुटांसकट थेट प्रार्थनेच्या खोलीत!

"ताई, हे मूर्तींचे परीक्षक. वय सांगतात."

"माझे सांगायची गरज नाही म्हणावे. मला ठाऊक आहे."

बाबांनी ही मूर्ती घरी आणली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, धाकटा पाळण्यात होता आणि आई जाऊन वर्षही झाले नव्हते. कांस्याचे बुद्ध, वर सोन्याचा मुलामा, भूमीला स्पर्श करणारा उजवा हात. तेव्हापासून रोज पहाटे मी त्यांच्यापुढे बसते. आता कुणा संग्राहकाला मूर्ती हवी आहे. ती सातशे वर्षांची आहे असे सप्रमाण मांडणारा निबंध त्याच्या वाचनात आला म्हणे. निबंध माझाच!

"अर्धी माझी आहे ना, ताई?"

"आहे की. कोणती नेतोस? वरची की खालची?"

तो हसला नाही. शेवटी ठरले ते असे — जुनी निघाली तर विकायची. नवी निघाली तर ती इथेच राहील आणि तो पुन्हा हा विषय काढणार नाही.

बुधवार, ६ मार्च

भिंगवाला (मी त्याला हेच म्हणणार) सकाळभर मूर्तीला नाक लावून बसला होता.

"आधी मेणात घडवून मग ओतलीय, सोनं पाऱ्यात कालवून चढवलंय. जुनी रीत. पण ती अजूनही चालते, त्यावरून वय ठरत नाही." मग, जणू उपकार करीत असल्यासारखा — "मापं फारच बरोबर आहेत हो, आजी."

"शास्त्राप्रमाणे आहेत."

"तेच खटकतंय. जुने कारागीर हाताच्या सवयीनं घडवायचे, इकडेतिकडे व्हायचंच. हे पोथी समोर ठेवून केल्यासारखं वाटतं."

निर्लज्ज! शुद्धतेलाच दोष मानणारी विद्या मी या वयात प्रथमच पाहिली. मी त्याला कान दाखवले. ग्रंथाप्रमाणे कानाची पाळी हनुवटीपाशी संपते. या मूर्तीच्या पाळ्या खांद्यांना टेकल्या आहेत. हा एका लुप्त परंपरेचा पुरावा आहे, असे माझ्या निबंधाचे प्रतिपादन आहे.

"किंवा चूक असेल," तो म्हणाला.

"बाकी सारे अचूक करणारा नेमका कानांपाशी चुकला?"

तो भिंग पुसू लागला. फार बरे वाटले.

गुरुवार, ७ मार्च

काल मी वाद घातला तो धाकट्याच्या फायद्याचा! आणि जिंकलेही! बुद्धी चळली माझी.

शनिवार, ९ मार्च

आसनाच्या तळाशी तांब्याचा पत्रा ठोकलेला आहे. प्रतिष्ठेच्या वेळी आतल्या पोकळीत पवित्र वस्तू ठेवून मुख बंद करतात. भिंगवाल्याला तो पत्रा काढायचा होता. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. एकदा उघडली की उरतो तो केवळ धातू.

"आत काय असणार गं? चार दाणे नि कापूस," धाकटा म्हणाला.

"तेवढे तुझ्या डोक्यात असते तरी पुष्कळ होते."

मग तो भडकला. "तुला आई आठवते. बाबाही तुझेच. ही मूर्तीसुद्धा तुझीच. माझ्या वाट्याला काय आलं?"

माझ्या मांडीवर वाढलेला हा! न उघडता क्ष-किरणांनी आत पाहायचे, एवढ्यावर भिंगवाल्याने तोडगा काढला.

रविवार, १० मार्च

आज मूर्तीपुढे बसून मूर्ती नवी निघो अशी प्रार्थना केली. द्वेषाने माणूस कुठवर घसरतो! शास्त्रे मुखोद्गत असून काय उपयोग?

बाबांची आठवण झाली. ते घड्याळजी. आई गेल्यावर दुकान आटोपले की कामाच्या बाकाशी पाठमोरे बसत आणि मला मूर्तींच्या प्रमाणांचा ग्रंथ मोठ्याने वाचायला लावत. स्वतःला अक्षरओळख बेताचीच. "नाकाचं परत वाच." "सावकाश गं." केवढी ती श्रद्धा! मेणाचा वास आला की अजूनही त्या ओळी आपोआप ओठांवर येतात.

मंगळवार, १२ मार्च

यंत्र आले. पडद्यावर आसनाची पोकळी उमटली — दाणे, घड्याळाचे एक बारीक दातेरी चाक, आणि एका कडेला चेपलेले अंगुस्तान.

"हे चाक अलीकडच्या घड्याळाचं, यंत्रावर कापलेलं आहे," भिंगवाला म्हणाला. "आणि पत्रा एकदाही निघालेला नाही. म्हणजे मूर्ती फार तर साठ वर्षांची."

धाकट्याने बोट ठेवले. "आणि हे काय आहे?"

"आईचे. शिवताना बोटात घालायची. दारात चेंगरले होते."

तो बराच वेळ पडद्यापुढून हलला नाही. भिंगवाल्याने पेटी आवरली. मी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही.

मी जिंकले.

गुरुवार, १४ मार्च

पहाटे बसले आणि तशीच उठले. समोर धातू होता. पत्रा न काढताच धातू झाला! रूप अनित्य आहे, असे मी जन्मभर लोकांना ऐकवले. आणि स्वतः काय सातशे वर्षांना वंदन करीत होते?

धाकट्याचा फोन. "ताई, उघडू नकोस हं."

"मी कशाला उघडेन?"

"मीच म्हणणार होतो उघड म्हणून. हातात घ्यायचं होतं ते, एकदा तरी. पण नको. आत आहे ना, पुरे." मग खाकरून म्हणाला, "मी सकाळी येऊन बसलो तर चालेल?"

"बूट बाहेर काढून ये."

शनिवार, १६ मार्च

धाकटा आला. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "ताई, कान एवढे लांब का गं?"

निबंधातले उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि तसेच मिटले. भिंगवाल्याला हे मरेपर्यंत कळू देणार नाही.

बाकाशी बाबा पाठमोरे. मी वाचता वाचता अडखळले होते. "बाबा, एक ओळ सुटली. कानांचं म्हणून मी खालच्या ओळीचं माप वाचलं." ते वळले. बोटांना मेण लागले होते. हातातल्या वस्तूकडे त्यांनी क्षणभर पाहिले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसले.

"राहू दे गं. झालं ते झालं."